कडकनाथची पिल्लं : नर-मादी कसे ओळखावेत, आणि पिल्लं अस्सल आहेत का?

पाचोळा :
नमस्कार मंडळी. कडकनाथ म्हणून घेतलेली ३० पिल्लं आहेत. सगळी एकाच उबवणीची, वय ५ आठवडे. नर लवकर वेगळे काढायचे आहेत. तुरा लाल झाला की तो नर, असं सगळे सांगतात, पण इथे एकाचाही तुरा लाल नाही. पंख पसरून पिसांच्या लांबीवरून ओळखायची पद्धत व्हिडिओत पाहिली, ती चालेल का? शिवाय चार-पाच पिल्लांचे तळवे पिवळट दिसतात. ती भेसळीची असतील का?

खुराडा :
तुऱ्याचा रंग विसरा. गिरीराज किंवा आरआयआर (ऱ्होड आयलंड रेड) अशा लाल तुऱ्याच्या वाणांत लाली उपयोगी पडते. कडकनाथचा तुरा मुळातच करडा-जांभळट असतो, नराचाही. इथे तुऱ्याची उंची आणि बूड बघायचं. नराचा तुरा बुडाशी रुंद असतो, त्याचे दाते सुटे उभे दिसतात आणि चोचीखालचे कल्ले फुटायला लागलेले असतात. मादीचा तुरा म्हणजे डोक्यावर एक बारीक, चिकटलेली रेघ. पायाची नळी चिमटीत धरून बघा, नराची जाड लागते.

पाचव्या आठवड्यात शेपूटही बोलतं. मादीला पिसं लवकर येतात, त्यामुळे तिची शेपटी नीट भरलेली असते. नराची शेपटी आखूड आणि पाठ उघडी असते. मात्र गर्दीत पिल्लं एकमेकांची पिसं उपटतात, आणि खाद्यात प्रथिनं कमी पडली तरी पिसं उशिरा येतात. म्हणून नुसत्या उघड्या पाठीवरून नर ठरवू नका.

खात्रीची खूण १२ आठवड्यांच्या आसपास मिळते. मानेवरची आणि शेपटाच्या मुळाशी पाठीवरची पिसं बोटाने उचलून बघा. लांब, अरुंद, टोकदार आणि चकाकणारी असतील तर नर, टोकाला गोल असतील तर मादी. त्यातही मानेपेक्षा पाठीवरच्या पिसांवर जास्त भरवसा ठेवा.

माळरान :
पंखांची पद्धत तुमच्याकडे चालणार नाही. पिसं सावकाश येण्याचा गुण आईकडून फक्त नर पिल्लांकडे जातो. त्यासाठी आई सावकाश पिसांच्या वाणाची आणि बाप भराभर पिसांच्या वाणाचा अशी जोडी मुद्दाम लावलेली असावी लागते. तशा पिल्लांतही फरक दिसतो तो जन्मानंतरचे पहिले दोन-तीन दिवस. गावठी आणि कडकनाथ पिल्लांत अशी जोडी लावलेली नसते, त्यामुळे लांब-आखूड पिसं दिसली तरी त्यातून काही कळत नाही. गुदद्वार तपासून ओळखणं हे पहिल्या दिवसाचं आणि सरावलेल्या हातांचं काम आहे. पाचव्या आठवड्यात त्यासाठी पिल्लू दाबू नका.

आता वाण. काळी पिसं हा पुरावाच नव्हे, ऑस्ट्रालॉर्प हा कोंबड्यांचा दुसरा वाणही काळाच असतो. पण त्याच्या पिल्लाचं पोट आणि पंखांची टोकं पिवळट-पांढरी असतात, आणि मोठेपणी कातडी पांढरट निघते. तुम्ही चोच उघडून जीभ आणि टाळू बघा, मग छातीवरची पिसं फुंकून कातडी बघा. अस्सल कडकनाथमध्ये हे सगळं काळपट-करडं असतं. जीभ गुलाबी, छातीची कातडी फिकी आणि वर तळवा पिवळा असेल, तर ते पिल्लू संकराचं धरा. पाचवं बोट किंवा नळीवर पिसं दिसली तरी तेच.

एक बारकावा लक्षात ठेवा. कडकनाथ कोंबडा फिक्या कातडीच्या कोंबडीला लावला, तर बहुतेक वेळा माद्या काळपट आणि नर फिके निघतात. म्हणजे काळी कातडी असलेली मादीसुद्धा संकराची असू शकते. पैदाशीसाठी पक्षी निवडताना तिचे भाऊही बघा.

पाचोळा :
टोकदार पिसांची वाट बघायची तर निम्मं खाद्य नरांवरच जाईल. आत्ता काय करू?

खुराडा :
आज संध्याकाळी अंधार पडल्यावर पकडा, पिल्लं शांत असतात. तीन ढीग करा : नक्की नर, नक्की मादी, संशयित. पायात रंगीत कडी घाला, कडी आणि नळीच्या मध्ये काडी सहज जाईल इतकी सैल. दर आठवड्याला कडी तपासा, पाय वाढला की ती रुतते. आठव्या आठवड्यात पुन्हा बघा, संशयितांतले बरेचसे तोवर उलगडतात. ८ ते १० माद्यांमागे १ नर पुरतो. पण नर विकण्याआधी माळरान म्हणतात तशी जीभ आणि कातडी तपासा, आणि पैदाशीचे एक-दोन जास्तीचे राखून ठेवा.