पावसाळ्यात १४ फुटी फायबरची होडी कुठे, कशी ठेवायची?

शापोराकाठचा: मंडळी, शिवोलीला घराजवळ हौसेची छोटी फायबर होडी आहे, गळ टाकायला जातो रविवारचा. पावसात अंगणातच ठेवू का? आणि नंतर पाण्यात उतरवायला बरी वेळ कोणती?

गळवाला: अंगणात चालेल की. उलटी करून टायरवर ठेव, जमिनीला टेकवू नको. सुलटीच ठेवायची असेल तर नाळ म्हणजे पुढचं टोक वर, मागची बाजू खाली आणि पाणी जायच्या भोकाचं बूच काढून ठेव, नाहीतर जुलैत होडीचा हौद होतो आणि त्यात डास, मग बायको काय म्हणेल ते तूच बघ. ताडपत्री घट्ट आवळू नको, आत हवा खेळू दे.

मांडवीकर: इंजिन आधी गोड्या पाण्यावर चालवून घे, मीठ आत राहिलं की संपलं. उतरवायचं ते भरतीला, पाणी अजून चढत असताना. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी फार वर येत नाही, तेव्हा होडी चिखलातून ओढत बसावं लागतं.

शापोराकाठचा: ट्रेलर पाण्यात घातला तर चालतो ना?

मांडवीकर: चालतो रे, पण चाकं गरम असताना नको, बेअरिंगमध्ये पाणी ओढलं जातं. आणि बूच लावलंस का ते आधी बघ!