काडीमोडमधली काडी नक्की कसली?

गुहागरची_पोर
वाडीत कलमांच्या वाटणीवरून दोन भावांची जुंपली, तर आमची आत्या म्हणते, "झाला त्यांचा काडीमोड एकदाचा." मला वाटायचं काडीमोड म्हणजे नवराबायकोचाच. भावाभावांचा पण होतो का? आणि काडी कसली, आगपेटीची?

खाडीपलीकडचा
आगपेटीची नाही हो, आगपेट्या आल्या कधी! गवताची नाहीतर झाडाची बारीक काडी. ज्या जातींत सोडचिठ्ठीची चाल होती तिथे काडी मोडली की लग्न मोडलं, मग बाई पाट लावायला मोकळी. मोल्सवर्थच्या जुन्या कोशातही सापडेल. आमच्या ब्राह्मणांत ही सोयच नव्हती, नवऱ्याने टाकलं तरी जन्मभर त्याच्याच नावाचं कुंकू, आता मागास कोण ते तुम्हीच ठरवा.

कोर्टाची_पायरी
यात कायद्याची पण गंमत आहे, १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात कलम २९(२) ने रूढीने होणारा घटस्फोट चालू ठेवलाय, पण आपल्या समाजात तशी रूढी आहे हे सिद्ध करावं लागतं आणि तिथेच घोडं अडतं. लोक स्टॅम्पपेपरवर दोन सह्या करतात नि समजतात सुटलो, मग दुसऱ्या लग्नाच्या वेळी पळापळ. बाकी फारकत हा शब्द फारसीतून आलाय, फारिग म्हणजे मोकळा आणि खत म्हणजे कागद, देणंघेणं फिटल्यावर लिहून द्यायचा तो. म्हणजे फारकत नि सोडचिठ्ठी कागदावरची, काडीमोड बिनकागदाचा.

मालवणी_खाजा
भावांचा काडीमोड म्हणजे आत्यांनी जरा जास्तच ताणलान 😀 आमच्याकडे 'चूल वेगळी केली' म्हणतत. घर तेच, पडवीत दुसरी चूल, गॅस आला तरी शब्द चूलच, सातबारा सामाईक नि त्याच्यावर आजोबा-पणजोबांपासून सगळ्यांची नावं, पण गणपती मूळ घरात एकच. चतुर्थीक पण एकत्र येणत नसतील तरच काडीमोड म्हणा.

गुहागरची_पोर
गणपती कोणाच्या ओटीवर यावरूनच तर पेटलंय, कलमं निमित्ताला! आणि 'काडीचाही संबंध नाही' मधली काडी पण हीच का?

खाडीपलीकडचा
नाही, तिथे काडीचा म्हणजे जरासुद्धा, काडीची अक्कल म्हणतो तसं. आणि काडीमोड कोणाचाही होतो हो, २०१४ ला सेना-भाजपची युती तुटली तेव्हा पण लोक हाच शब्द वापरत होते. ती काडी तर २०१९ मध्ये जोडून परत त्याच वर्षी मोडली.