मदत हवी आहे: बटरक्रीम पाघळतंय, वर कचकचतंय

येत्या रविवारी बाबांचा ७५ वा वाढदिवस. त्यांना व्हिप्ड क्रीमचा केक आवडत नाही. आम्ही लहान असताना ते जो आणायचे, वर लोण्याच्या घट्ट आयसिंगचा, म्हणजे बटरक्रीमचा गुलाबी गुलाब असलेला, तसाच करायचाय. त्या गुलाबावरून आम्हा भावंडांत भांडणं व्हायची, मग बाबा सुरीने त्याचे चार सारखे तुकडे करायचे.

केक जमतो, अडतंय आयसिंगपाशी. आधी घरचं सायीचं लोणी आणि मिक्सरवर दळलेली साखर घेतली. कडेने पाणी सुटलं, वर ताकाचा आंबूस वास. मग बाजारचं पिवळं बटर आणलं, तर खारट झालं आणि साखर दाताखाली कचकचली. आयसिंग पिळायच्या बॅगेत भरल्यावर हाताच्या उबेनेच पाघळलं. दुसरी पाकळी काढेपर्यंत पहिली आडवी!

स्वयंपाकघरात एसी नाही, त्यात मे महिना. केक डोंबिवलीहून गिरगावात लोकलने न्यायचाय. कुणी नीट प्रमाण सांगेल का?

प्रतिसाद १
ताई, सायीचं लोणी कितीही धुतलं तरी त्यात पाणी राहतं, ते फेटताना सुटतं. बिनमिठाचं बटर घ्या. २५० ग्रॅमला ५०० ग्रॅम आयसिंग शुगर (पिठासारखी बारीक साखर), व्हॅनिला, चिमूटभर मीठ, लागेल तसं एक-दोन चमचे दूध. दूध फ्रीजमधलं गार नको, बटर गोठून दाणे धरतं.

पाककृतीत 'रूम टेंपरेचर'चं बटर म्हणतात ते २० अंशांच्या आसपासचं. आपल्याकडे आत्ता ओट्यावर ३२-३३ असतं आणि बटर ३२ ते ३५ ला वितळतंच. म्हणून तासभर बाहेर ठेवू नका. तुकडे करून दहा मिनिटं पुरे. बोटाने खळगा पडावा, पण बोट तुपकट होता कामा नये. आधी नुसतं बटर पांढुरकं होईपर्यंत फेटा, मग साखर थोडी थोडी घाला. सैल वाटलं तर साखर वाढवू नका, भांडं पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवून पुन्हा फेटा.

साखर लोण्यात विरघळत नाही, म्हणून ती मुळातच बारीक हवी. घरी दळलीत तर वाटीभर साखरेला मोठा चमचा कॉर्नफ्लॉवर घालून वस्त्रगाळ करा. आयसिंग शुगर, नोझल (बॅगेच्या टोकाला लावायची तोटी) सगळं क्रॉफर्ड मार्केटला मिळेल.

प्रतिसाद २
गुलाबांपुरतं निम्मं बटर, निम्मं बेकरीचं पांढरं शॉर्टनिंग (डालड्यासारखं घट्ट वनस्पती तूप) घ्या. ते उन्हाळ्यात उभं राहतं. चव जरा उतरते, म्हणून बाकी केकला मी शुद्ध बटरच लावते. बटर पेपरच्या चौकोनांवर गुलाब काढून फ्रीजरमध्ये घट्ट करा, मग उचलून ठेवता येतात. केक रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, निघताना खोक्यात घाला आणि खोकं मांडीवर घ्या. रविवारी मेगाब्लॉक असतो (दुरुस्तीसाठी लोकल काही तास बंद किंवा उशिरा), वेळ बघून सकाळी लवकरच निघा.

धागाकर्ती
दोघींचे मनापासून आभार! अर्ध्या प्रमाणात करून पाहिलं, कचकच गेली. तीन गुलाब फ्रीजरमध्ये आहेत, पण पांढरे. गुलाबी रंगाला बिटाचा रस चालेल का?

प्रतिसाद १
रस नको, पुन्हा पाणी जाईल. जेलचा रंग टूथपिकच्या टोकावर घ्या, तेवढा पुरतो. थोड्या वेळाने तो आपोआप गडद होतो, तेव्हा फिका वाटला तरी लगेच वाढवू नका.