क्रूझवर दुरुस्तीची ठोकाठोक, बाल्कनी 4 दिवस बंद. भरपाई कशी मागावी?

नमस्कार मंडळी,

आईला घेऊन नुकतीच 7 रात्रींची क्रूझ करून आले. तिचे गुडघे धरलेत, बंदरावर उतरून फिरणं जमत नाही. तिला निवांत समुद्र बघत बसता यावं म्हणून मुद्दाम जास्त पैसे भरून बाल्कनीची केबिन घेतली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी 8 वाजता डोक्यावरच ठोकाठोक सुरू. वरच्या डेकचा गंज काढत होते. पोलादावर ते यंत्र चाललं की पलंगाला हात लावला तरी थरथर जाणवायची. मग रंगाचा उग्र वास. तिसऱ्या दिवशी बाल्कनीचं दार चिकटपट्टी लावून बंद केलं, काचेवर बाहेरून प्लॅस्टिक. आई खुर्ची ओढून त्या पांढुरक्या प्लॅस्टिककडे तोंड करून बसायची. बघवत नव्हतं. असे 4 दिवस गेले.

काउंटरवर गेले तर कानात घालायचे बोळे दिले. केबिन बदलून मागितली, तर जहाज भरलंय म्हणाले. शेवटच्या दिवशी थोडं ऑनबोर्ड क्रेडिट (जहाजावरच खर्च करता येणारी रक्कम) जमा केलं. ते आम्ही वापरलं, पण सही कशावरच केलेली नाही.

खाऱ्या हवेत लोखंड गंजणारच, हे कळतं. प्रवासी जहाजाच्या तळाची तपासणी दरवर्षी होते, त्यातली साधारणपणे 5 वर्षांत निदान 2 वेळा जहाज गोदीत नेऊन करावी लागते, आणि त्या गोदीतल्या कामाच्या आगेमागे बरीच कामं प्रवासी असतानाच उरकतात. केबिन आवरणाऱ्या मुलाने सांगितलं की हे जहाज पुढच्याच महिन्यात गोदीत जाणार आहे. म्हणजे काम आधीपासून ठरलेलं होतं! बुकिंग करताना एका शब्दाने सांगितलं असतं तर तारीख बदलली असती. माझा सगळा राग त्याचा आहे.

आता एजंट कंपनीकडे बोट दाखवतो, कंपनी तिकिटाच्या अटींकडे. सोयी बंद ठेवण्याचा हक्क त्यांनी त्यात राखून ठेवलाय. पण विकलेली बाल्कनीच वापरू न देणं त्यात बसतं का? क्रेडिट वापरलं म्हणजे तक्रार मिटली असं धरतात का? माझ्याकडे आवाजाचे व्हिडिओ आणि दाराचे फोटो आहेत, पण काउंटरवरची तक्रार तोंडीच झाली, ती चूक झाली. पैसे कार्डाने भरलेत. बँकेकडून काही रक्कम परत मागता येते का?

कोणी अशी भरपाई मिळवली असेल तर पत्र कोणाला लिहिलं आणि त्यात काय मागितलं, ते कृपया सांगा. निदान साध्या केबिनच्या आणि बाल्कनीच्या भाड्यातला फरक तरी मला परत हवा आहे.