घरी येणारी परिचारिका कोणाच्या पगारावर? (इंग्लंड, १९००–१९१४)

प्रश्न
विसाव्या शतकाच्या आरंभीच्या इंग्लंडविषयी वाचताना गरीब वस्त्यांत घरोघरी जाणाऱ्या दोघींचा उल्लेख येतो, एक डिस्ट्रिक्ट नर्स आणि दुसरी हेल्थ व्हिजिटर. दोघीही सरकारी नोकर होत्या का? त्यांच्या कामात फरक काय होता? जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १
डिस्ट्रिक्ट नर्स सहसा सरकारी नसे. लिव्हरपूलचे व्यापारी विल्यम रॅथबोन यांनी १८५९ मध्ये मेरी रॉबिन्सन या परिचारिकेला गरिबांच्या घरी पाठवून ही प्रथा सुरू केली, आणि पुढे व्हिक्टोरिया राणीच्या १८८७ च्या ज्युबिलीनिमित्त स्त्रियांनी जमवलेल्या निधीतून अशा परिचारिकांच्या प्रशिक्षणासाठी संस्था उभी राहिली. पगाराची तजवीज मात्र स्थानिक समितीला देणग्या व वर्गण्यांतून करावी लागे; अनेक ठिकाणी कामगार आठवड्याला एक पेनी देत. ती डॉक्टरांच्या सांगण्यानुसार जखमा बांधी, रुग्णाचे अंग पुसून चादर बदली आणि हेच काम घरातल्या एखाद्या बाईला शिकवून जाई, कारण ती गेल्यावर रुग्ण त्या बाईच्याच हाती असे.

प्रतिसाद २
हेल्थ व्हिजिटर बहुधा नगरपालिकेची असे. ती शुश्रूषा करीत नसे, तर बाळंतिणीला सल्ला देई. जन्मनोंदणीला ४२ दिवसांची मुदत असल्यामुळे पालिकेला बाळाचा पत्ता लागेपर्यंत उन्हाळी हगवणीने ते दगावलेलेही असे. म्हणून १९०७ च्या कायद्याने ३६ तासांत जन्माची खबर आरोग्याधिकाऱ्याला देण्याची तरतूद केली. तो लागू करणे आधी पालिकांच्या मर्जीवर होते, १९१५ मध्ये सक्तीचे झाले. हडर्सफील्डचे महापौर बेंजामिन ब्रॉडबेंट यांनी तर लाँगवुड भागातील बाळ वर्षाचे झाल्यास एक पौंड देण्याचे वचन दिले होते. माझ्या मते त्या पौंडापेक्षा भेटींचाच उपयोग अधिक झाला असावा. दुधाच्या बाटलीची लांब रबरी नळी आतून स्वच्छ होतच नाही, हे आईला कोणीतरी दाखवून द्यायला हवे होते.

प्रतिसाद ३
श्रेय देताना थोडे जपून. इंग्लंड व वेल्समध्ये १९०० साली हजारी सुमारे १५४ अर्भके दगावत, १९१० मध्ये सुमारे १०५. पण १९११ चा उन्हाळा कडक निघाला आणि आकडा पुन्हा १३० च्या आसपास गेला. हवामान, मैल्याची विल्हेवाट आणि घटता जन्मदर यांचाही यात वाटा होता. शिवाय अनेक आयांना अशी भेट म्हणजे झडतीच वाटे.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. मग १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्यानंतर घरची शुश्रूषा सरकारने उचलली का?

प्रतिसाद १
नाही. विमेदार कामगाराला डॉक्टर आणि आजारपणाचा भत्ता मिळे, प्रसूतीसाठी ३० शिलिंगही मिळत. पण त्याची बायको व मुले वैद्यकीय उपचारांच्या तरतुदीबाहेरच राहिली. त्यांच्यासाठी डिस्ट्रिक्ट नर्स पूर्वीप्रमाणेच वर्गणीवर येत राहिली.