मदत हवी आहे: धुतल्यापासून एका बर्नरची ज्योत पिवळी जळते आणि भांडी काळी होतात

नमस्कार.

आमच्याकडे सिलिंडरवर चालणारी तीन बर्नरची शेगडी आहे. तिचे डावे-उजवे बर्नर एकाच मापाचे असून मधला लहान आहे. मागच्या आठवड्यात पातेले उतू जाऊन डाव्या बर्नरची निम्मी छिद्रे बुजली. एकदाच काय ते सगळे स्वच्छ करून टाकावे, या उत्साहात मी तिन्ही बर्नर काढले, कढत पाण्यात धुण्याचा सोडा विरघळवून रात्रभर त्यात बुडवून ठेवले आणि सकाळी तारेच्या घासणीने घासून, कपड्याने पुसून पुन्हा जागच्या जागी बसवले. तेव्हापासून डाव्या बर्नरची ज्योत पूर्वीसारखी आखूड, निळी आणि टोकदार राहिलेली नाही. ती उंच होऊन लवलवते आणि तिचा वरचा अर्धा भाग सरळ पिवळा असतो. पाच मिनिटे पाणी तापवून पातेल्याच्या बुडाला बोट लावले, तर बोटावर काजळी येते. उजवा बर्नर पहिल्या दिवशी फडफडत होता, पण दुसऱ्या दिवसापासून त्याची काही तक्रार नाही. मधला पहिल्यापासून ठीक आहे.

लपवण्यात अर्थ नाही, म्हणून हेही सांगून टाकतो की डाव्या बाजूचे जेट (बर्नरमध्ये गॅस सोडणारे बारीक छिद्राचे तोंड) बुजले असावे, असे वाटून मी त्याच्या तोंडात शिवणाची सुई घालून दोन-तीनदा फिरवली होती. काही कचरा निघाला नाही.

ज्योत पिवळी होण्याचे कारण बर्नरमध्ये शोधावे की जेटमध्ये, हा माझा मुख्य प्रश्न आहे. त्याशिवाय, बर्नरची पितळी टोपी सोड्यामुळे उजळली असली, तरी खालचा ॲल्युमिनियमचा भाग काळपट पडून त्यावर पांढुरकी भुकटी आली आहे. ती घातक आहे का आणि मूळचा रंग परत येतो का? शेवटचे म्हणजे, डावा नॉब गेल्या काही महिन्यांपासून जड फिरतो. त्याच्या दांड्यावर थोडे तेल सोडावे, असे घरातील ज्येष्ठांचे मत आहे. मला ते पटत नाही, पण त्याविरुद्ध सांगण्याजोगे कारणही माझ्यापाशी नाही.

प्रतिसाद १

ज्योत निळी जळायची असेल, तर गॅस बर्नरच्या छिद्रांपर्यंत पोहोचण्याआधीच त्यात पुरेशी हवा मिसळावी लागते. जेटच्या बारीक छिद्रातून गॅस वेगाने सुटतो आणि समोरच्या नळीत शिरताना आजूबाजूची हवा आपल्याबरोबर ओढून नेतो. उरलेली हवा ज्योतीला बाहेरून मिळते. सिलिंडरच्या गॅसमधील प्रोपेन पूर्ण जळण्यास त्याच्या आकारमानाच्या सुमारे 24 पट आणि ब्युटेन जळण्यास सुमारे 31 पट हवा लागते, तेव्हा या मिश्रणात थोडा जरी बिघाड झाला तरी तो ज्योतीत लगेच दिसतो. हवा कमी पडली की न जळलेल्या कार्बनचे कण तापून पिवळे चमकतात आणि तेच भांड्याच्या बुडाला काजळी होऊन चिकटतात. अधूनमधून नारिंगी ठिणग्या उडत असतील, तर ते बहुधा धुळीचे किंवा उतू गेलेल्या पदार्थातील मिठाचे काम असते आणि त्याची काळजी करू नये. आपण वर्णन केलेली ज्योत मात्र तशी वाटत नाही.

कारण बर्नरमध्ये की जेटमध्ये, हे आपल्याला घरीच कळू शकेल, कारण सुदैवाने आपले दोन बर्नर एकाच मापाचे आहेत. शेगडी पूर्ण थंड झाल्यावर डावा आणि उजवा बर्नर, टोप्यांसह, एकमेकांच्या जागी ठेवा. पिवळी ज्योत बर्नरबरोबर उजवीकडे गेली, तर दोष बर्नरचा. ती डावीकडेच राहिली, तर दोष जेटचा किंवा हवा शिरण्याच्या वाटेचा. त्याआधी बर्नर उलटा करून कानाशी धरून हलवून पाहा. धुतलेल्या बर्नरच्या नळीत पाणी राहते आणि बाहेरून कोरडा दिसणारा बर्नर आतून दोन-दोन दिवस ओला असतो. आपला उजवा बर्नर पहिल्या दिवशी फडफडला, तो यामुळेच असावा. तारेच्या घासणीचे तुटलेले तुकडेही आत अडकतात, म्हणून नळीतून एकदा बाटली घासण्याचा कोरडा ब्रश फिरवावा.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, पण माझा संशय थेट सुईवर आहे. जेट पितळेचे असते आणि पितळ पोलादाच्या सुईपुढे मऊ असते. जेटचे छिद्र एक मिलिमीटरपेक्षाही लहान असल्यामुळे सुई फिरवताना ते किंचित रुंदावले, तरी डोळ्यांना काही कळत नाही. मात्र व्यास दहा टक्क्यांनी वाढला, की छिद्राचे क्षेत्रफळ 21 टक्क्यांनी वाढते आणि जवळपास त्याच प्रमाणात गॅसही जास्त सुटतो, हवेची वाट मात्र पूर्वीइतकीच राहते. छिद्राची कड एका बाजूला खरवडली गेली असेल, तर गॅसची धार तिरकी होऊन नळीच्या भिंतीवर आदळते आणि हवा ओढण्याची तिची ताकद कमी होते. दोन्हींचा परिणाम एकच, तो म्हणजे पिवळी ज्योत. असे जेट दुरुस्त होत नाही, ते बदलावेच लागते. बदलताना त्यावरचा क्रमांक पाहून त्याच मापाचे आणि त्याच प्रकारच्या गॅसचे घ्यावे. नळाने येणाऱ्या नैसर्गिक गॅसच्या जेटचे छिद्र मोठे असते आणि ते सिलिंडरच्या शेगडीला बसवणे धोक्याचे आहे.

ॲल्युमिनियमचा काळेपणा हा धुण्याच्या सोड्याचा परिणाम आहे. सोड्याच्या पाण्यात ॲल्युमिनियमचा वरचा थर खाल्ला जातो, आणि रात्रभर म्हणजे त्याच्या दृष्टीने फारच झाले. काळ्या रंगाने ज्योतीला काही होत नाही. पांढरी भुकटी मात्र कोरड्या ब्रशने झाडून टाकावी, कारण ती छिद्रांत जाऊन बसते. व्हिनेगर घातलेल्या पाण्याने पुसल्यास रंग थोडा उजळतो, परंतु मूळचा परत येत नाही आणि त्यासाठी जीव टाकण्याचे कारणही नाही. एक इशारा देतो: व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका, त्यातून क्लोरीन वायू सुटतो.

तेलाबाबत आपली शंका रास्त आहे. नॉबच्या आत शंकूच्या आकाराचा व्हॉल्व्ह असतो आणि त्यावरील उष्णता सोसणारे ग्रीस गॅस अडवण्याचेही काम करते. ते वाळले की नॉब जड होतो. साधे तेल त्या ग्रीसला पातळ करून धुऊन काढते आणि पुढे स्वतः जळून चिकट राळेसारखे होते, म्हणजे नॉब आठवडाभर हलका फिरतो आणि नंतर गळू लागतो किंवा पूर्ण आखडतो. व्हॉल्व्ह उघडून ग्रीस बदलणे हे तंत्रज्ञाचे काम आहे. ते घरी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद ३

ज्योत सुधारेपर्यंत डावा बर्नर वापरूच नका, एवढेच मला सांगायचे आहे. जेथे काजळी धरते, तेथे कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायूही तयार होत असू शकतो, आणि त्याला ना रंग ना वास, त्यामुळे गॅसगळतीसारखी त्याची आगाऊ सूचना नाकाला मिळत नाही.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे डावा बर्नर कानाशी धरून हलवला, तेव्हा आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला नाही, पण पांढऱ्या कागदावर उलटा करून आपटल्यावर घासणीच्या तारेचा नखाएवढा, पिळलेला तुकडा पडला. सगळे श्रेय त्या तुकड्याला देऊन मी जवळजवळ निश्चिंत झालो होतो. बर्नर तसाच बसवून पेटवला, तर ज्योत जराशी आखूड झाली, पण पिवळी ती पिवळीच. मग दोन्ही बर्नर अदलून-बदलून पाहिले आणि पिवळी ज्योत डावीकडेच राहिली. उजवीकडे गेलेला डावा बर्नर, काळा पडलेला असूनही, स्वच्छ निळा जळत होता. दोष सुईचाच, म्हणजे पर्यायाने माझाच.

काल तंत्रज्ञ येऊन गेले. त्यांनी जुने जेट काढून माझ्या हातावर ठेवले आणि दिव्यासमोर धरायला सांगितले. तेव्हा छिद्र गोल नसून एका बाजूला ओढल्यासारखे लांबट झालेले मलाही दिसले. त्याच क्रमांकाचे नवे जेट बसवल्यावर त्यांनी नळीच्या आणि व्हॉल्व्हच्या जोडांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे येत नाहीत ना, हे तपासले आणि मगच बर्नर पेटवला. ज्योत पूर्ववत आखूड आणि निळी झाली असून आज सकाळी पातेल्याचे बूड बोटाने पुसून पाहिले, तर बोट स्वच्छ निघाले. तेलाचा विषय काढला तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली आणि नॉबचे ग्रीस पुढच्या खेपेस बदलून देण्याचे कबूल केले. ते झाले की येथे कळवीन. तोपर्यंत बर्नर ओल्या फडक्याने पुसण्यापलीकडे मी शेगडीला हात लावणार नाही, असे घरात ठरले आहे, आणि ते मी ठरवलेले नाही.