लांगदॉक: प्रांताचं नाव की भाषेचं?

नकाशेवाला
मराठी प्रवासलेखांत ‘लांगदॉक’ हा शब्द वाटेल तसा फिरवला जातो. कुणासाठी ती भाषा, कुणासाठी आजचा प्रशासकीय प्रदेश, तर कुणासाठी सरसकट दक्षिण फ्रान्स. माझा आग्रह असा की हे नाव दक्षिण फ्रान्समधल्या १७९० पूर्वीच्या प्रांतापुरतंच ठेवावं. त्या वर्षी जुने प्रांत मोडून जिल्हे, म्हणजे देपार्तमाँ, पाडले गेले. तिथे लांगदॉक संपला. पुढच्या काळात हे नाव ओढत नेलं की नकाशा चुकतो. तुलूज हे या प्रांताचं मोठं शहर, पण २०१५ अखेरपर्यंत असलेल्या ‘लांगदॉक-रूसियों’ प्रदेशात ते नव्हतंच. ते शेजारच्या मिदी-पिरेनेत होतं. उलट रूसियों, जे १६५९ च्या पिरेनीज तहापर्यंत स्पेनच्या राजाकडे होतं, ते नावातच जाऊन बसलं.

ओसरीवरून
सपशेल असहमत. नाव आधी भाषेचं, मग प्रांताचं. ‘लांग दॉक’ म्हणजे ‘होय’ला ‘ऑक’ म्हणणाऱ्यांची बोली. लॅटिन ‘होक’चं झालं ‘ऑक’. उत्तरेत ‘होक इल्ले’चं ‘ऑईल’ आणि त्याचंच आजचं फ्रेंच ‘वी’. १२७१ मध्ये तुलूजच्या काउंटची जहागीर राजाकडे आली. त्यानंतर दरबारी कागदांत हे नाव दक्षिणेतल्या राजाच्या मुलखाला मिळालं, चांगलं ऐसपैस. मग १३६० चा ब्रेतीन्यीचा तह झाला, रुएर्ग आणि केर्सी हे इलाखे इंग्लंडच्या राजाकडे गेले आणि मागे उरले तीन सुभे: तुलूज, कार्कासॉन, बोकेर. तुम्ही ज्याला ‘खरा लांगदॉक’ म्हणता तो लढाईत हरून उरलेला तुकडा आहे!

नकाशेवाला
उरलेला का असेना, त्याला स्वतःची प्रांतसभा होती आणि ती क्रांतीपर्यंत करांवर घासाघीस करत होती. भाषेची हद्द लावायची तर प्रोव्हान्स आणि गास्कनीही आत घ्यावे लागतील. प्रोव्हान्स १४८१ पर्यंत फ्रान्सच्या राजाचं नव्हतंच. आणि ‘होय’च्या शब्दावरून केलेली ‘ऑक, ऑईल, सी’ (‘सी’ इटालियन) ही विभागणी ज्या इटालियन कवी दान्तेच्या नावावर सांगतात, त्याने ‘ऑक’ म्हणणारे म्हणून नाव घेतलंय ते ‘हिस्पानी’, म्हणजे स्पेनच्या, लोकांचं. त्यावर कसली सीमारेषा आखणार?

द्राक्षवेल
दोघेही जुन्या कागदांत अडकलात. नाव आज वाइनच्या बाटलीवर जिवंत आहे. पूर्वी ‘कोतो द्यू लांगदॉक’ असं वाइनचं नियमाने बांधलेलं प्रदेशनाम होतं, २००७ मध्ये ते नुसतं ‘लांगदॉक’ झालं आणि त्याची हद्द रूसियोंसकट स्पेनच्या सीमेपर्यंत वाढली. म्हणजे रूसियोंमधल्या पेर्पिन्या शहराजवळची वाइनही नियमानुसार ‘लांगदॉक’ असू शकते. लेबलवर ‘पेई दॉक’ असेल तर तो वेगळा आणि सैल दर्जा, तिथे बहुधा द्राक्षाची जात ठळक छापतात. ही दोन नावं एक समजून भाषांतर केलं की वाचक चुकीची बाटली घेऊन येतो.

शुद्धलेखनप्रेमी
आधी लिहायला तर शिका. ‘लँग्वेडॉक’ नको. ‘यू’ फक्त ‘ग’ कठोर ठेवण्यासाठी आहे, त्याचा ‘व’ होत नाही. शेवटचा ‘क’ मात्र उच्चारतात. सलग लिहिलं तर प्रांत, आणि फ्रेंचमध्ये तो पुल्लिंगी. तोडून लिहिलं तर भाषा, आणि ती स्त्रीलिंगी. मराठीत ‘तो लांगदॉक’ आणि ‘ती ऑक भाषा’ एवढं पाळलं तरी अर्धं भांडण मिटेल. ‘लांगदॉसियाँ’ ही त्या भाषेची एक पोटबोली, सबंध भाषा नव्हे.

ओसरीवरून
लिंगाचं मान्य. पण मग २०१६ चं काय? लांगदॉक-रूसियों आणि मिदी-पिरेने एक करून झालेल्या नव्या प्रदेशाच्या नावासाठी लोकांचा कौल घेतला, पर्यायांत ‘लांगदॉक’ही होतं, तरी ऑक भाषेवरून आलेलं ‘ऑक्सितानी’ सुमारे ४५ टक्के मतं घेऊन पुढे आलं. लोकांनी भाषेचं नाव निवडलं की नाही?

नकाशेवाला
इथे आपला भाषावार प्रांतरचनेचा चष्मा लावू नका. रूसियोंचे लोक कातालान परंपरेचे, म्हणून नाव जाहीर होताच पेर्पिन्यात निदर्शनं झाली. कवी मिस्त्रालला १९०४ चं नोबेल ज्या भाषेतल्या काव्यासाठी मिळालं, त्याचं गाव या ‘ऑक्सितानी’च्या बाहेर प्रोव्हान्समध्ये. स्पेनमधलं आरान खोरं, जिथे ही भाषा अधिकृत आहे, तेही बाहेर. त्याआधी लांगदॉक-रूसियों प्रदेशाचे अध्यक्ष जॉर्ज फ्रेश यांनी ‘सेप्तिमानी’ हे नाव पुढे केलं होतं, ते तर लोकांनी हाणून पाडलं.

द्राक्षवेल
मग लिहिणाऱ्याने करायचं काय?

नकाशेवाला
साल बघायचं. १६८१ मध्ये खुला झालेला कालवा ‘लांगदॉकमधला राजकालवा’, क्रांतीनंतर तोच ‘मिदी कालवा’. आजचं तुलूज ऑक्सितानीत, १७०० चं लांगदॉकमध्ये.

ओसरीवरून
आणि व्हिव्हारे? शेवटपर्यंत लांगदॉकमध्ये होतं. आजचा आर्देश जिल्हा तोच, पण तो ओव्हेर्न्य-रोन-आल्प्समध्ये गेलाय. तिथल्या जुन्या घराण्याचा इतिहास लिहिताना कुठला प्रदेश घालणार?

नकाशेवाला
दोन्ही. आधी लांगदॉक, मग स्वल्पविराम, मग ‘आजचा आर्देश जिल्हा’. ऑक्सितानी अजिबात नाही.